बारा सेकंदांचं शीर्षकगीत आणि वीस सेकंदांचे डोळे

साडेसातची मालिका लागते. आधी ‘मागील भागात’ म्हणून पाऊण मिनिट कालचंच रडणं. मग पडद्यावर नाव येतं, मागे बासरीसारखं काहीतरी वाजतं, एक आवाज मालिकेचं नाव दोनदा गातो, धाडकन एक ठोका पडतो आणि संपलं. बारा सेकंद. ह्याला म्हणे शीर्षकगीत! एवढ्यात तव्यावरच्या पोळीची एक बाजूसुद्धा भाजून होत नाही.

आणि त्याच भागात सासूबाईंच्या हातून आरतीचं ताट पडलं की पाच जणांचे चेहरे, प्रत्येकी चार सेकंद, असे वीस सेकंद नुसते विस्फारलेले डोळे दाखवायला चॅनलवाल्यांकडे वेळ असतो. ‘गाण्यासाठी वेळ नाही’ हे कुणाला सांगता? जाहिरातींची मर्यादा तासाला बारा मिनिटं, म्हणजे अर्ध्या तासाला सहा. उरली चोवीस. त्यातलं एक मिनिट शीर्षकगीताला दिलं तर चोविसावा हिस्सा जातो. तेवढ्याने कुठलं कथानक बुडणार आहे? तीन आठवडे तर नायिका जिना उतरत असते.

बारा सेकंदांत नेमकं काय मरतं ते एकदा नीट मोजू. साधा केरवा ताल घ्या, आठ मात्रांचा, म्हणजे आठ ठोक्यांचा. मिनिटाला ऐंशी मात्रांची लय धरली तर एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, सहा सेकंदांचं. साठ सेकंदांत दहा आवर्तनं बसतात. एक सुरुवातीच्या वाद्यांना, चार मुखड्याला (पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीला), एक मधल्या संगीताला, तीन अंतऱ्याला (पुढच्या कडव्याला) आणि शेवटचं मुखड्यावर परत येऊन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, थांबायला. अख्खं गाणं झालं. चाल वर चढते, अंतऱ्यात तार सप्तकाला, वरच्या पट्टीतल्या स्वरांना, हात लावते आणि घरी परत येते. आता बारा सेकंद घ्या. आवर्तनं किती? दोन. दोन आवर्तनांत एक ओळ बसते, तीही श्वास न घेता. चढायला जागा नाही, मग परत कुठून येणार? म्हणून शेवटी तो ठोका मारतात. समेवर येणं जमलं नाही की ढोल बडवायचा, एवढीच युक्ती उरली आहे. नाहीतर आवाज हळूहळू विझवायचा, पंख्याचं बटण बंद केल्यासारखा.

१९९९ साली अल्फा मराठीवर ‘आभाळमाया’ सुरू झाली. शब्द मंगेश कुलकर्णींचे, चाल अशोक पत्कींची, आवाज देवकी पंडित यांचा. त्या गाण्यात मालिकेचं नाव कुठे येतं आठवा. शेवटी! आधी छोट्या छोट्या तुकड्यांत माणसाच्या जगण्याबद्दल काही म्हटलं जातं, आभाळ वेगळं येतं, माया वेगळी येते आणि मग दोन्ही एकत्र. शीर्षकाला पोचेपर्यंत त्याचा अर्थ तयार झालेला असतो. गीतकाराला हे करता आलं, कारण नाव एका शब्दाचं होतं. ‘वादळवाट’चंही तसंच.

आता नावंच कशी ठेवतात बघा. ‘येऊ कशी तशी मी नांदायला’, ‘होणार सून मी ह्या घरची’. नाव नाही, अख्खं वाक्य! आणि ते अख्खं वाक्य गाण्यात आलंच पाहिजे, तेही पहिल्या पाच सेकंदांत, असा वरून हुकूम. दहा-अकरा अक्षरं गाऊन झाली की एक आवर्तन गेलंच, उरलेल्या आवर्तनात तेच पुन्हा. गीतकाराने लिहायचं काय? त्याला बोलावतातच कशाला? पाटी रंगवणाऱ्याकडून करून घ्या.

त्यातून चाल आधी आणि शब्द मागून. चालीवर लिहिणं गुन्हा नाही, उत्तम गाणी तशी झालेली आहेत. पण चालीतली लांब जागा कुठे आणि शब्दातला दीर्घ स्वर कुठे, एवढं तरी जुळवाल? ‘किती’मधली पहिली ‘कि’ ऱ्हस्व आहे. तिच्यावर चार मात्रा थांबलात की ती ‘कीऽऽती’ होते. ‘मन’चं ‘माऽन’ होतं. ऐकणाऱ्याच्या कानाला खडा लागतो, का लागला ते त्याला सांगता येत नाही, आणि तो म्हणतो ‘हल्लीची गाणी लक्षात राहत नाहीत’. कशी राहतील? जिभेला जी अक्षरं आपोआप लांबवता येत नाहीत, ती गुणगुणता येत नाहीत. गुणगुणता न येणारं शीर्षकगीत म्हणजे बिनवातीचा दिवा.

शब्दच हवेत असंही नाही हो. दूरदर्शनवरच्या ‘मालगुडी डेज’ला एल. वैद्यनाथन यांनी जे दिलं ते सगळं ‘ता ना ना’वर उभं आहे. ‘भारत एक खोज’ला वनराज भाटियांनी थेट ऋग्वेदातलं नासदीय सूक्त घेतलं. रविवारी सकाळी घराघरांत कुणाला त्या ऋचांचा अर्थ लागत होता? तरी अंगावर काटा यायचा. प्रेक्षकाला झेपणार नाही म्हणणाऱ्यांनी ते एकदा ऐकावं, मोठ्या आवाजात.

आता वाद्यांकडे येऊ. बासरी असते म्हणतात. कुठे असते? किबोर्डच्या पेटीत असते. बासरीवाला बोलवायचा तर त्याचे पैसे, स्टुडिओचे तास, म्हणून एकच माणूस खोलीत बसून संगणकावर सगळं रचतो. त्याचा दोष नाही, त्याला दोन दिवसांत तीन पर्याय पाठवायला सांगितलेलं असतं. पण त्यातून होतं काय? किबोर्डच्या डाव्या हाताला स्वर वर-खाली सरकवायचं एक चाक असतं. मूळ सेटिंगला ते सहसा दोन सेमीटोनच, म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांएवढंच, सरकतं. ‘सा’वरून ‘प’पर्यंतची मींड, म्हणजे न तुटता घसरत जाणं, सात सेमीटोनांची. सेटिंग न बदलता घेतली तर मींड अर्ध्यातच अडते, आणि बदलून घेतली तर एकाच फुंकीचा ध्वनिमुद्रित नमुना ताणला जाऊन बासरीची पिपाणी होते. मग सोपा मार्ग कुठला? मींडच टाळायची. सगळे स्वर सुटे सुटे, पायऱ्यांसारखे. आपल्या संगीतातला जीव दोन स्वरांच्या मधल्या जागेत असतो, आणि तीच जागा सुतारकामात उडवली.

गळ्याचीही तीच गत. सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर सौम्य ठेवलं तर उपकारक आहे. पण त्याचा वेग शून्य मिलिसेकंदांवर, म्हणजे सूर तत्क्षणी सरळ करण्यावर, नेऊन ठेवला की मुरकीचे, त्या झरझर गुंफलेल्या स्वरांचे, चौकोनी तुकडे पडतात, कोमल गंधाराचं आंदोलन, त्याचं हळुवार झुलणं, सपाट इस्त्री होऊन बाहेर येतं. चांगली तयारीची गायिका घ्यायची आणि तिला मोबाइलच्या रिंगटोनसारखी करून ठेवायची!

आवाज आणि वाद्यांचं मिश्रण करणारे तर वेगळ्याच जगात राहतात. स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर तो शेवटचा ठोका छातीत धडकत असेल. घरातल्या चपट्या टीव्हीचे स्पीकर बोटाएवढे, मागे नाहीतर खाली तोंड केलेले, भिंतीशी बोलणारे. शंभर हर्ट्‌झच्या खालचं, म्हणजे खर्जातलं घुमणं, त्यातून जवळपास काही येतच नाही. तुमच्या धडाऽमचा ऐकू येतो तो फक्त फटका, ताट आपटल्यासारखा. शब्दांची व्यंजनं साधारण दोन ते चार हजार हर्ट्‌झमध्ये कळतात, नेमकं तिथेच व्हायोलिनचं जाड गोधडं पसरलेलं असतं. मग ‘त’ की ‘क’, ‘तान’ की ‘कान’, काही कळत नाही. हे तपासायला काय लागतं? एक साधा टीव्ही आणि एक मोबाइल. तो मोबाइलही एका स्पीकरचा असेल तर उत्तम, कारण डावी-उजवीकडे फार पसरवलेले सूर एका स्पीकरवर आले की कधी कधी एकमेकांना खाऊन टाकतात. दहा मिनिटांचं काम आहे.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र पुढे होतं, आणि ते कुणी मोजत नाही. शीर्षकगीत हे अख्ख्या मालिकेच्या पार्श्वसंगीताचं कोठार असतं. दहा आवर्तनांच्या गाण्यातून मुखड्याची चाल मिळते, अंतऱ्याची मिळते, मधल्या संगीताचा तुकडा मिळतो, सुरुवातीची धून मिळते. प्रेमाला एक, विरहाला एक, संध्याकाळच्या दिवाबत्तीला एक. दोन आवर्तनांच्या गाण्यात कोठारात एकच पोतं. मग तीच ओळ लग्नात सनईवर, भांडणात व्हायोलिनवर, दवाखान्यात संथ करून ‘आऽऽ’वर. रोज सातआठदा. महिनाभरात ती कानाला नकोशी होते आणि मग चॅनलवालेच म्हणतात, लोकांना शीर्षकगीत आवडत नाही, अजून कापा.

‘लोक शीर्षकगीत ओलांडून पुढे जातात’ म्हणून स्किपच्या बटणाचा दाखला आम्हाला देऊ नका. ते ॲपवर आहे, साडेसातच्या टीव्हीवर नाही. टीव्हीवर शीर्षकगीत ही घंटा असते. ती वाजली की गॅस बारीक करून माणूस बाहेर येतो. आठ-बारा सेकंदांत ओट्यापासून सोफ्यापर्यंत हात पुसत यायचं तर धावावं लागेल. टीआरपीचे आकडे मिनिटागणिक निघतात, तेवढ्या मिनिटात आलेख पडतो म्हणे. बरं, मग आठवड्याचा हिशेब करा. सोमवारी पूर्ण साठ सेकंद, मंगळवार ते शनिवार पंधरा सेकंद. झाले एकशे पस्तीस. आज सहा दिवस बारा-बारा सेकंद देता, ते बहात्तर. फरक आठवड्याला त्रेसष्ट सेकंदांचा! ‘मागील भागात’चे पाऊण मिनिट गुणिले सहा म्हणजे दोनशे सत्तर सेकंद. त्याच्यातून घ्या, कुणी रडणार नाही.

फक्त ते पंधरा सेकंद कात्रीने कापलेले नकोत. चाल बांधतानाच अडीच आवर्तनं अशी बांधायची की अर्ध्या आवर्तनाचा उठाव, म्हणजे सुरुवातीची उडी, मग मुखडा आणि शेवटी समेवरचा थांबा एवढं वेगळं काढलं तरी पूर्ण वाटेल. जाहिरातीच्या जिंगल करणाऱ्यांना हे झोपेत येतं. अशोक पत्कींनीही आधी ढिगाने जिंगल केल्या होत्या, उगाच नाही त्यांचं गाणं एका मिनिटात पूर्ण वाटायचं.

आणि ती नावं! गीत, संगीत, गायक, तीन ओळी, दीड सेकंद. पहिली ओळ वाचेपर्यंत पाटी गेलेली. तीही आता शेवटी, पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात चेपलेली, कारण उजवीकडे पुढच्या मालिकेत कुणाच्या तरी हातून ताट पडत असतं.