जलपर्णी धातू पिते, पचवत नाही

जलपर्णीला तलावाचं डायलिसिस यंत्र ठरवणारा एक संदेश अधूनमधून फिरत येतो. त्याचा गोषवारा असा: प्रदूषित तलावात जलपर्णी वाढू द्या, काढू नका, ती शिसं, पारा, कॅडमियम शोषून काही दिवसांत पाणी 90 टक्के शुद्ध करते, विष नष्ट करते, नासानेही हे सिद्ध केलंय, आणि शेवटी त्या पाल्याचं उत्तम खत होतं. यातला ‘शोषून’ हा शब्द खरा आहे. बाकी एकेक तपासू.

आधी ‘विष नष्ट करते’. सांडपाण्यातली सेंद्रिय घाण जिवाणू खातात आणि ती खरोखर संपते. शिसं मात्र मूलद्रव्य आहे. झाड, जिवाणू किंवा भट्टी, कुणीही शिशाच्या अणूचं दुसरं काही करू शकत नाही. वनस्पती त्याची जागा बदलते आणि काही धातूंचं रूपही. ते रूप बदलणं कधी मोलाचं असतं, हे मान्य करायला हवं: जलपर्णीच्या मुळांत ‘षट्संयुजी’ या घातक रूपातल्या क्रोमियमचं ‘त्रिसंयुजी’ क्रोमियम होतं, आणि ते पुष्कळ कमी विषारी असतं. पण क्रोमियम उरतंच.

मग शोषण होतं तरी कसं? संदेशातलं चित्र स्पंजासारखं आहे. प्रत्यक्षात दोन वेगळ्या गोष्टी घडतात. पहिली मुळाच्या पृष्ठभागावर. पेशीभित्तिकेतल्या पेक्टिन या चिकट द्रव्यावर ऋणभारित गट असतात, त्यांना धनभारित धातू चिकटतात. यात जिवंतपणाचा काहीच संबंध नाही. वाळलेली मुळंही हे काम करतात. दुसरी गोष्ट पेशीच्या आत. वनस्पतीला कॅडमियम नको असतं, पण जस्त, लोह आणि मँगनीज हवं असतं, आणि ते आत आणणारी प्रथिनं फार चिकित्सक नसतात. त्याच दारातून कॅडमियम घुसतं. आर्सेनिकचं आर्सेनेट हे रूप तर फॉस्फेटच्या दारातून येतं, कारण दोघांची ठेवण सारखी. आत आलेल्या कॅडमियमला ग्लुटाथिऑन या छोट्या रेणूपासून बनलेले फायटोकेलेटिन नावाचे पेप्टाइड पकडतात आणि पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, डांबून ठेवतात. म्हणजे ही सफाई नव्हे, वनस्पतीने स्वतःच्या बचावासाठी केलेली नजरकैद आहे. कोठडी भरली की पानं पिवळी पडतात आणि वाढ खुंटते.

बहुतेक धातू मुळांतच अडकतो, पानांपर्यंत थोडाच पोचतो. ही बाब पुढे कामाला येईल, कारण वरवरची पानं छाटून नेणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. शिवाय जलपर्णीची पिसासारखी मुळं पाण्यातला गाळही धरून ठेवतात. मुळं नीट न धुता तपासली तर त्या गाळातला धातूही वनस्पतीच्या खात्यावर जमा होतो.

‘90 टक्के’ हा आकडा बादलीतून आलेला आहे. थोडं पाणी, त्यात भरपूर मुळं, एकच धातू मुद्दाम विरघळवलेला, आणि मोजणी काही दिवसांची. अशा प्रयोगात असे आकडे मिळतात, त्यात खोटं काही नाही. पण खऱ्या तलावात कॅल्शियम असतं, ते चिकटण्याच्या जागांसाठी धातूशी स्पर्धा करतं. कुजलेल्या पाल्यातली ह्युमिक द्रव्यं धातूला धरून बसतात, मग तो मुळाच्या हाती लागत नाही. पाणी आम्लधर्मी असेल तर हायड्रोजन आयन त्या जागा आधीच बळकावतात.

आणि मुख्य म्हणजे तलावातला बहुतांश धातू पाण्यात नसतोच, तळाच्या गाळात असतो. जलपर्णी तरंगते; तिची मुळं खोल तलावाच्या गाळाला टेकतही नाहीत. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! एक अंदाजी हिशेब मांडू, आकडे केवळ समजण्यासाठी. समजा पाण्यात लिटरमागे 0.05 मिलिग्रॅम शिसं आहे आणि वनस्पती ते हजारपट साठवते. ऐकायला हजारपट भारी वाटतं, पण सुक्या पाल्यात ते किलोमागे 50 मिलिग्रॅमच भरलं. जलपर्णीत सुमारे 95 टक्के पाणी असतं, म्हणजे चौरस मीटरवरच्या 20 किलो ओल्या पाल्यातून 1 किलो सुका मिळेल. एका हेक्टरवरून 200 टन ओला पाला उपसला, तर हाती आलं अर्धा किलो शिसं. त्याच हेक्टरखालच्या वरच्या 10 सेंटिमीटर गाळात सुक्या वजनाच्या किलोमागे 100 मिलिग्रॅम शिसं धरलं आणि घनमीटरमागे 500 किलो सुका गाळ धरला, तर तिथं 50 किलो शिसं बसलंय. अख्ख्या उपशाने एक टक्का हलला. तोही पाला उपसला तरच.

कारण संदेशात ‘काढू नका’ म्हटलंय, आणि सगळ्यात घातक सल्ला हाच आहे. जलपर्णी मरते, बुडते, कुजते आणि तिने धरलेला धातू पुन्हा पाण्यात किंवा गाळात जातो. ये रे माझ्या मागल्या. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. मग लोहाची आणि मँगनीजची ऑक्साइडं विरघळू लागतात आणि त्यांना चिकटून बसलेलं आर्सेनिकही सुटं होतं. पाऱ्याचं प्रकरण याहून वाईट. तरंगत्या मुळांच्या जाळीत, प्राणवायू नसलेल्या कोपऱ्यांत सल्फेटवर जगणारे जिवाणू असतात. ते अकार्बनी पाऱ्याचा मिथाइल पारा करतात. जपानमधल्या मिनामाटात माणसं ज्याने अपंग झाली आणि मेली, तोच हा, माशांतून साखळीने वाढत जाणारा. ज्या तलावात पारा आहे तिथं जलपर्णीची चादर पांघरणं म्हणजे या जिवाणूंना घर बांधून देणं.

खताबद्दल दोन वाक्यं पुरेत. कुजताना पाल्याचं वजन घटतं, धातू घटत नाही, म्हणून खतात तो आणखी दाट होतो. आणि कॅडमियम मातीतून पालेभाज्यांत सहज चढतं. पाला जाळावा म्हटलं तर पारा धुरावाटे निघून जातो आणि शिसं राखेत उरतं.

राहिलं नासा. तिथं काम झालं हे खरं. 1970 च्या दशकात मिसिसिपीतल्या नासाच्या केंद्रात बिल वॉल्व्हर्टन आणि सहकाऱ्यांनी जलपर्णीने शिसं आणि पारा ओढला जातो का, हे प्रयोगशाळेत तपासलं आणि सांडपाण्याच्या खाचरांत ती वापरूनही पाहिली. पण या पद्धतीत पाणी ठरावीक वाटेने वाहतं आणि वाढलेली वनस्पती वरचेवर उपसली जाते. तलावात सोडून देऊन विसरून जा, असं त्यातून निघत नाही.

वनस्पतींचा खरा उपयोग तलावाच्या आधी आहे, जिथं नाला पडतो तिथं. बांधीव पाणथळीत पाणकणसासारख्या वनस्पती लावतात. तिथंही बराचसा धातू पाल्यात जात नाही, मुळांखालच्या गाळात सल्फाइड होऊन बसतो, आणि तो गाळ ठरावीक काळाने काढावा लागतो. जलपर्णीची वाळवलेली मुळं दळून त्यांच्या भुकटीतून सांडपाणी गाळता येतं. शिसं भुकटीला चिकटतं आणि सौम्य आम्लाने धुऊन परत मिळवता येतं. त्यासाठी तलावात एकही रोप सोडावं लागत नाही.