कर्बोदके आणि मेद: उष्मांकांपलीकडची ओळख

कर्बोदके आणि मेद हे शब्द हल्ली बहुधा वजनाच्या किंवा आहाराच्या चर्चेतच कानावर पडतात, आणि त्या चर्चेत त्यांची ओळख एका ग्रॅममागे अनुक्रमे ४ आणि ९ किलोकॅलरी या दोन आकड्यांपुरती उरते. शालेय पुस्तकांत थोडे अधिक असते, पण तेही रेणुसूत्र, प्रकारांची यादी आणि प्रत्येक प्रकाराचे एखादे उदाहरण एवढेच. मला हे फार अपुरे वाटते. या रेणूंचे गुणधर्म त्यांत कोणते अणू किती आहेत एवढ्यावर ठरत नाहीत. ते अणू अवकाशात कसे मांडलेले आहेत यावर फार मोठा भाग अवलंबून असतो, आणि शिकवताना नेमका तोच भाग गाळला जातो.

ग्लुकोजच्या रेणूत सहा कार्बन, बारा हायड्रोजन आणि सहा ऑक्सिजन असतात. फ्रुक्टोज आणि गॅलॅक्टोज या दुसऱ्या शर्करांतही अगदी तेवढेच असतात; फरक असतो तो मांडणीचा. ग्लुकोजमधील अणूंची मांडणी जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९१ मध्ये उलगडली, आणि तीही रेणूची रचना थेट पाहण्याचे कोणतेही साधन हाताशी नसताना, केवळ रासायनिक अभिक्रियांवरून तर्क करत. रसायनशास्त्राच्या इतिहासात इतके देखणे अनुमान मला क्वचितच दिसते.

पाण्यात ग्लुकोजचे जवळजवळ सर्व रेणू कड्याच्या रूपात असतात. कडे जुळताना पहिल्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल (OH) गट दोनपैकी एका दिशेला वळतो, आणि त्यानुसार त्या रेणूला अल्फा किंवा बीटा म्हणतात. रेणू मोकळा असेपर्यंत कडे उघडते, पुन्हा मिटते आणि ही दोन्ही रूपे एकमेकांत बदलत राहतात. त्यांचे प्रमाण साधारण ३६ आणि ६४ टक्क्यांवर स्थिरावते. मात्र हा कार्बन शेजारच्या ग्लुकोजच्या चौथ्या कार्बनशी बांधला गेला की दिशा कायमची ठरते. सगळे बंध अल्फा असतील तर साखळी वळत वळत मळसूत्रासारखी होते आणि आपल्याला स्टार्च मिळतो. त्याच्या पोकळीत आयोडीन शिरले की परिचित निळा रंग दिसतो. सगळे बंध बीटा असतील तर प्रत्येक पुढचे कडे आधीच्याच्या तुलनेत उलटे बसते, साखळी सरळ राहते, अशा अनेक साखळ्या शेजारी शेजारी येऊन हायड्रोजन बंधांनी घट्ट बांधल्या जातात आणि सेल्युलोजचा चिवट तंतू तयार होतो. आपल्या लाळेतील आणि स्वादुपिंडातील विकर अल्फा बंध सहज तोडतात, पण बीटा बंध असलेल्या या साखळीपुढे ते निष्प्रभ ठरतात. गवत खाऊन जगणाऱ्या प्राण्यांनाही ते काम पोटातल्या सूक्ष्मजीवांकडून करून घ्यावे लागते. घटक एकच असताना एका बंधाच्या दिशेमुळे एकीकडे अन्न आणि दुसरीकडे लाकूड तयार व्हावे, याहून मोठे आश्चर्य विद्यार्थ्यांपुढे काय ठेवायचे?

मेदांच्या बाबतीतही असेच घडते. ग्लिसरॉलच्या एका रेणूला तीन मेदाम्ले जोडली गेली, की पाण्याचे तीन रेणू बाहेर पडून ट्रायग्लिसराइड तयार होते. या मेदाम्लांपैकी अठरा कार्बनांचे, एकही दुहेरी बंध नसलेले स्टिअरिक आम्ल सुमारे ६९ अंश सेल्सिअसला वितळते. तितक्याच कार्बनांच्या ओलेइक आम्लात मधोमध एक सिस दुहेरी बंध असतो, म्हणजे बंधाच्या दोन्ही टोकांची साखळी त्याच्या एकाच बाजूला असते. त्यामुळे साखळीला बाक येतो, रेणू एकमेकांना चिकटून बसू शकत नाहीत आणि ते १३-१४ अंशांनाच वितळते. तोच दुहेरी बंध ट्रान्स असेल, म्हणजे साखळीचे दोन भाग विरुद्ध बाजूंना असतील, तर साखळी पुन्हा जवळजवळ सरळ होते आणि वितळणबिंदू ४५ अंशांच्या आसपास जातो. तेलांच्या अंशतः हायड्रोजनीकरणात असे ट्रान्स मेद तयार होतात, आणि ते रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवून हितकारक कोलेस्टेरॉल घटवतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये औद्योगिक ट्रान्स मेद अन्नातून हद्दपार करण्याचे आवाहन केले. उष्मांकांच्या हिशेबात मात्र सिस आणि ट्रान्स यांत जवळजवळ काहीच फरक दिसत नाही, आणि तो हिशेब पुरेसा नाही असे मी म्हणतो ते यासाठीच.

त्या ४ आणि ९ या आकड्यांमागेही रसायनशास्त्रच आहे. कर्बोदकांतील कार्बन आधीच बऱ्याच प्रमाणात ऑक्सिजनशी जोडलेला असतो, तर मेदाम्लांतील कार्बन मुख्यतः हायड्रोजनशी. त्यामुळे मेदाम्लांतील कार्बनच्या ऑक्सिडीकरणातून अधिक ऊर्जा सुटते. शिवाय ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला ग्लुकोजचा साठा, स्वतःसोबत बरेच पाणी बाळगतो, मेद जवळजवळ कोरडाच साठतो.

हे दोन्ही वर्ग पेशीपटलात एकत्र येतात. तेथे फॉस्फोलिपिडांचे, म्हणजे फॉस्फेट गट असलेल्या मेदांचे, जलस्नेही टोक पाण्याकडे आणि मेदाम्लांच्या शेपट्या आत, असा दुहेरी थर बनतो, आणि त्यातील मेदांवर व प्रथिनांवर शर्करांच्या लहान साखळ्या बाहेर डोकावतात. लाल रक्तपेशींवरील अशा साखळीच्या टोकाला गॅलॅक्टोज असेल तर रक्तगट बी ठरतो, त्याच जागी एन-अॅसिटिलगॅलॅक्टोसअमाइन ही गॅलॅक्टोजपासून बनलेली शर्करा असेल तर ए, आणि दोन्ही नसतील तर ओ. एका शर्करेवर रुग्णाचा जीव अवलंबून असल्याचे हे उदाहरण कर्बोदकांच्या धड्यात पहिल्या पानावर असायला हवे, असे मला मनापासून वाटते.