'घरी होते' म्हणजे नेमकं काय?

मागच्या महिन्यात सांगलीहून वहिनींचा फोन आला, इकडे स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला, संध्याकाळचे सहा म्हणजे तिकडे साडेनऊ वाजलेले, आणि आवाजावरूनच कळलं की काहीतरी बिनसलंय. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्सच्या जागेसाठी त्यांचा इंटरव्ह्यू होता. सगळं नीट चाललेलं, टॅली झालं, जीएसटी झालं, टीडीएसचं विचारलं त्याचीही उत्तरं दिली, आणि शेवटी समोरच्या साहेबांनी रेझ्युमेवर बोट ठेवून विचारलं की २०१९ नंतर काय केलंत. वहिनी म्हणाल्या, "घरी होते." साहेब म्हणाले, "म्हणजे काहीच नाही ना," आणि फाइल मिटली. "भावजी, मी तरी काय बोलणार होते," एवढंच म्हणाल्या आणि मग पोरांच्या शाळेचं सांगायला लागल्या.

मला त्या रात्री झोप लागली नाही. त्या "काहीच नाही" मध्ये काय काय होतं ते मला माहितीये. दुसरं बाळंतपण, आई पडली आणि खुब्याचं ऑपरेशन झालं ते, नंतरचे तिचे आठ महिने, दादाची सोलापूरला बदली झाली ती तीन वर्षं, दोन पोरांच्या मोबाईलवरच्या शाळा, हे सगळं त्या एका बाईनं ओढलंय. आणि मी इकडे टीम लीड, माझ्या हाताखाली अकरा माणसं, आणि माणसं सांभाळायचं जे काही थोडंफार मला येतं त्यातलं निम्म्याहून जास्त मी ऑफिसात नाही तर घरात शिकलोय, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. मग त्याच शाळेत सहा वर्षं पूर्णवेळ काढलेल्या बाईचा गॅप कसा काय होतो?

आपल्याकडे गेली दोन-तीन वर्षं कामाच्या तासांवरून केवढा वाद चाललाय ते मी इथून रोज वाचतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, मग जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या सुब्रह्मण्यन यांचा तो व्हिडिओ आला, ९० तास, रविवारीसुद्धा, आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार असा प्रश्न. सप्टेंबर २०२५ मध्ये तर आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यांतला कामाचा दिवस ९ वरून १२ तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दोन तट पडले, एक म्हणतो देश असाच पुढे जातो, दुसरा म्हणतो माणसाला घरी जाऊन जरा आराम नको का.

माझं दुखणं या दुसऱ्या वाक्यात आहे. मी त्याच बाजूचा, पण "घरी जाऊन आराम" हे आपण किती सहज बोलून जातो. म्हणजे ७० तासवाले आणि त्यांना विरोध करणारे, दोघांनीही धरूनच चाललंय की घर म्हणजे काम नसलेली जागा. ज्याला घरी गेल्यावर आयता चहा मिळतो त्यालाच असं वाटू शकतं. केंद्र सरकारचा टाइम यूज सर्व्हे आहे २०२४ चा, घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८. २०१९ ला हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली, आणि पुरुषांचीही नऊ झाली, म्हणजे बायकांचं कमी झालेलं काम पुरुषांनी उचललं असंही नाही.

आता इकडचं सांगतो. स्वीडनमध्ये मूल झालं की आईबापाला मिळून ४८० दिवसांची रजा मिळते, त्यातले ९०-९० दिवस ज्याचे त्यानंच घ्यायचे, दुसऱ्याला देता येत नाहीत, बापानं नाही घेतले तर वाया जातात. १९७४ मध्ये ही रजा आईबरोबर बापालाही लागू झाली, असं करणारा हा जगातला पहिला देश. धाकट्याच्या वेळी मी सात महिने घेतले. माझ्या बाबांना फोनवर सांगितलं तर ते दोन मिनिटं गप्पच बसले, मग म्हणाले, नोकरी आहे ना रे? नोकरी होती. परत आलो तेव्हा मधे कुठे होतास असं कुणी विचारलं नाही, आणि अशा रजेवरून माणसाला मागे टाकता येणार नाही असं इथल्या १९९५ च्या कायद्यातच लिहिलंय.

त्या सात महिन्यांत आणि नंतर जे शिकलो त्यातलं एकच सांगतो. गेल्या वर्षीच्या आधीचा नोव्हेंबर, सकाळचे साडेसात, बाहेर मिट्ट काळोख आणि पावसाची रिपरिप, बालवाडीच्या व्हरांड्यात मी आणि तीन वर्षांचा माझा मुलगा. इथे पोरं कुठल्याही हवेत बाहेर खेळतात, त्यामुळे अंगभर तो जाड ओव्हरऑल घालायचा, मग बूट, मग बुटांवरून पायाचे इलॅस्टिक, मग हातमोजे. मला साडेआठची मीटिंग, म्हणून मी खाली बसून त्याची चेन ओढायला लागलो तर बालवाडीच्या बाई हळूच म्हणाल्या, त्याला येतं ते. आणि त्याला खरंच येत होतं, फक्त वेळ लागत होता. चेनचं खालचं टोक त्या खाचेत बसेना, चार वेळा सुटलं, त्याचे कान लाल झाले, तो एकदा माझ्याकडे बघून रडायच्या बेतात आला आणि माझे हात नुसते शिवशिवत होते. बाई शेजारी बसून राहिल्या, हात मांडीवर ठेवून, नजर मात्र त्या चेनवर. पाचव्या वेळी बसलं. तो माझ्याकडे न बघताच बाहेर पळाला.

त्याच आठवड्यात माझ्या टीममधली एक नवीन मुलगी टेस्ट रिपोर्ट लिहीत होती आणि मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून, आण इकडे, असं म्हणून कीबोर्ड स्वतःकडे घेतला. घेतला आणि तिचा चेहरा बघितला. तिच्याही कानापर्यंत तोच लाल रंग चढला होता. मी कीबोर्ड परत सरकवला, सॉरी म्हणालो आणि बसून राहिलो. चाळीस मिनिटं लागली. पुण्यात हिंजवडीला मी सहा वर्षं काढली तेव्हा आमच्यात चांगला लीड म्हणजे जो रात्री जागून सगळ्यांचं काम दुरुस्त करतो तो, आणि मीही तसाच झालो होतो, मला त्याचा अभिमानही होता. मदत म्हणजे काम हातातून काढून घेणं नव्हे हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये नाही कळलं, त्या व्हरांड्यात कळलं.

पण हे सगळं इथेच येऊन शिकलो असं म्हटलं तर ते खोटं होईल. सगळ्यात मोठा धडा सांगलीचाच आहे. ऑगस्ट २०१९ ला मी पोरीला घेऊन सुट्टीवर आलेलो आणि कृष्णा चढायला लागली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची, पाणी गेलं ५७ च्याही वर. आमचं घर विश्रामबागला, तिकडे पाणी आलं नाही, पण गावभागातले काका-काकू, त्यांचे भाडेकरू, आत्या असे करत करत आमच्या तीन खोल्यांत चौदा माणसं झाली. नळाचं पाणी बंद. आईनं पहिल्या दिवशी काय केलं तर मागच्या अंगणातल्या निळ्या ड्रमवर खडूनं एक आडवी रेघ ओढली आणि सगळ्यांना दाखवली, आज पाणी इथपर्यंत वापरायचं. रोज सकाळी नवीन रेघ. कुणाला काही बोलावं लागलं नाही, आत्यानं केस धुवायचे आपणहून टाळले, पोरंसुद्धा जाता-येता रेघ बघायची. आणि तिची स्वतःची आंघोळ सगळ्यांच्या शेवटी, उरलं तर.

काकांचं किराणा दुकान पूर्ण पाण्याखाली गेलं होतं. साखर, डाळी, दिवाळीसाठी भरलेला माल, सगळं. ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले ते दोन दिवस बोलेनातच. आम्ही सगळे येऊन जाऊन होईल नीट, होईल नीट म्हणत होतो, मीसुद्धा पाठीवर हात ठेवून बसलो, त्यांना ते ऐकूही जात नव्हतं. हायवे बंद असल्यानं दुधाचे हाल होते. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला आईनं दोन रिकाम्या किटल्या त्यांच्यासमोर ठेवल्या आणि म्हणाली, "भावजी, मिरजेकडे कुठे दूध मिळतंय का बघा, या पोरांना सौदा जमत नाही, तुम्हालाच जमेल." काका उठले. नऊ लिटर घेऊन आले. चौथ्या दिवशी आमच्या गल्लीत कुणाकडे लहान बाळ आहे, कुणाकडे म्हातारं माणूस आहे याची यादी त्यांच्या खिशात होती.

दोन वर्षांपूर्वी आमच्या इथे एक प्रोजेक्ट वरून बंद केला, माझ्या टीममधल्या एकाची दीड वर्षांची मेहनत एका ईमेलमध्ये गेली. तो असाच खिडकीकडे तोंड करून बसायचा. मला किटल्या आठवल्या. मी त्याला धीराचं काही बोललो नाही, म्हटलं त्या कामातलं काय काय वाचवता येईल आणि ते कुणाच्या उपयोगी पडेल हे तूच ठरव, दुसऱ्या कुणाला ते माहीत नाही. आणि खरंच दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. उरलेल्या प्रोजेक्टचे तास आणि पैसे मी तेव्हापासून टीमच्या बोर्डवर उघडे लिहितो, आज इथपर्यंत, ती खडूची रेघच आहे.

घरातलं सगळंच शिकण्यासारखं असतं असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्याकडे वाईट बातमी बाबांपर्यंत कधी सरळ गेली नाही. कमी मार्क, फुटलेली काच, दादाला नको असलेलं इंजिनिअरिंग, सगळं आधी आईकडे, मग ती बाबांचा मूड बघून, जेवण झाल्यावर सांगायची. हिंजवडीच्या ऑफिसात मी बघितलं तर हुबेहूब तेच, साहेबांना आत्ता नको सांगू, रिलीज झाल्यावर बघू, आणि तोपर्यंत बग ग्राहकापर्यंत गेलेला. वडीलधाऱ्यांना घाबरायचं घरी शिकलो तेच आम्ही बॅगेत भरून नोकरीला नेलं. इथे पोरांवर हात उगारायला १९७९ पासून कायद्यानं बंदी आहे, माझी लेक मला जेवताना तोंडावर सांगते, बाबा, तुझं चुकतंय, आणि ऑफिसातली पोरंही तसंच सांगतात. पहिली दोन वर्षं मला ते फार लागायचं. आता कुणी तसं बोललं नाही तर काळजी वाटते.

आणि ते "आपली कंपनी म्हणजे एक फॅमिली" हे तर मला अजिबात ऐकवत नाही. पुण्यात पहिल्या नोकरीत दर शुक्रवारी हे ऐकलं, आणि बाबांना अ‍ॅडमिट केलं तेव्हा डेडलाईनमुळे रजा मिळाली नाही, मी रात्रीच्या एसटीनं सांगलीला जाऊन सकाळी परत आलो. फॅमिलीत एक आजारी पडलं की बाकीचे त्याचं काम उचलतात, तेवढं सोडून बाकी सगळं त्यांनी उचललं होतं. इकडे ऑफिसात कुणी फॅमिली म्हणत नाही. पण मूल आजारी असलं की सकाळी पावणेसातला एका शब्दाचा मेसेज करायचा, वाब, म्हणजे आजारी पोराजवळ थांबतोय. वर्षाला एका मुलामागे १२० दिवसांपर्यंत हे करता येतं आणि पगाराचा साधारण ऐंशी टक्के भाग सरकारी विमा देतो. फेब्रुवारीत सर्दीतापाची साथ असते, इतके लोक घरी असतात की त्या महिन्याला गमतीनं वाब्रुआरी म्हणतात. आता लीड म्हणून याचा अर्थ काय होतो बघा, कुठल्याही दिवशी कुणीही नसणार हे धरूनच मला काम वाटावं लागतं, प्रत्येक गोष्ट किमान दोघांना यायलाच हवी. एकाच माणसाच्या जिवावर चाललेली टीम इथे फेब्रुवारीत उघडी पडते. आमच्या घरी हेच आई करायची, दादाला पोळ्या येतात, मला कुकर लावता येतो, बाबांना काहीच येत नाही, आणि तिची ही शेवटची खंत अजून आहे.

स्वीडनचं सगळं सोनं आहे असं नाही. इतकी रजा असूनही बाप त्यातले साधारण तीसच टक्के दिवस घेतात. आणि म्हातारपणी माणसं फार एकटी असतात, आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी आठवड्यातून एकदा लेकाच्या फोनची वाट बघतात. त्यांच्याकडे बघितलं की मला माझंच दिसतं. मी इथे सात महिने रजा घेऊ शकलो, बाळाचं सगळं करू शकलो, आणि त्याच वर्षात सांगलीत आईला वॉकर धरून संडासपर्यंत नेणं, फिजिओथेरपीला ती चिडायची ते सहन करणं, बाबांची औषधं, हे वहिनी करत होत्या. म्हाताऱ्या, दुखऱ्या, चिडलेल्या माणसाकडून रोज दहा पावलं जास्त चालवून घेणं याहून अवघड माणसं सांभाळायचं काम मी तरी बघितलेलं नाही, आणि ते मी केलेलं नाही. तो कोर्स त्यांनी केला. माझ्या हिश्श्याचासुद्धा.

म्हणून परवा रविवारी आम्ही व्हिडिओ कॉलवर तासभर बसून त्यांचा रेझ्युमे नव्यानं केला. मी आधी मोठे मोठे शब्द सुचवले, वहिनी म्हणाल्या ते नको, ते माझं वाटत नाही. मग त्यांनीच लिहिलं. २०१९ ते २०२५ च्या पुढे आता असं आहे: सहा माणसांचं घर चालवलं, सासूबाईंचं ऑपरेशन आणि आठ महिन्यांची शुश्रूषा, विम्याचा क्लेम दोनदा नाकारल्यावर तिसऱ्यांदा मंजूर करून घेतला, घराचा जमाखर्च रोज लिहिला, वह्या दाखवू शकते.

त्या वह्या मी बघितल्यात, सहा आहेत, वर्षाला एक. गुरुवारी मिरजेला दुसऱ्या एका ठिकाणी इंटरव्ह्यू आहे. वह्या बरोबर घेऊन जाणार आहेत.