ब्रुनोला सीबीडी तेल का दिलं नाही

नमस्कार दादा, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की तुमच्या कुत्र्याच्या, ब्रुनोच्या सांधेदुखीसाठी सीबीडी तेल (सीबीडी म्हणजे भांगेच्या झाडातला नशा न आणणारा घटक) मागितलं तर आमच्या दुकानात आम्ही दिलं नाही, अर्धा तास बसवलं आणि वर काउंटरवरचा मुलगा चारचौघांत "भांग चाहिए क्या" म्हणाला. हे शेवटचं खरं आहे आणि मला त्याची लाज वाटते, अगदी मनापासून माफी मागते, त्या मुलालाही समजावलंय.

पण तेल दिलं नाही ते बरोबरच केलं. तुम्हीच लिहिलंय की ब्रुनोला फिट्ससाठी फेनोबार्बिटोन चालू आहे. ती गोळी आणि सीबीडी दोन्हींचा भार लिव्हरवरच येतो, आणि कॉर्नेल विद्यापीठाचा 2018 चा सांधेदुखीच्या कुत्र्यांवरचा अभ्यास आहे त्यात सीबीडी चालू असताना रक्तातलं एएलपी (लिव्हरवरचा ताण दाखवणारं एन्झाइम) वाढलेलं दिसलं, फेनोबार्बिटोननेही तेच वाढतं, मग ब्लड टेस्ट न बघता अकरा वर्षांच्या लॅब्रॅडॉरच्या तोंडात मी हे कसं घालू? त्याच अभ्यासात कुत्र्यांचं दुखणं कमी झालं, हालचाल वाढली हेही दिसलं, त्यामुळे सीबीडी म्हणजे फसवणूक असं मी अजिबात म्हणत नाही.

आता डोसचं बघा. त्या अभ्यासात किलोमागे 2 मिलिग्रॅम दर 12 तासांनी दिलं होतं. ब्रुनो आमच्या काट्यावर 30 किलो भरला, म्हणजे दिवसाला 120 मिलिग्रॅम, आणि तुम्ही मोबाइलवर दाखवलेल्या आख्ख्या बाटलीत होतं 300, अडीच दिवसांत खलास. दुसरी जी स्वस्त होती ती तर हेंपच्या (भांगेच्याच जातीचं झाड) बियांचं तेल, त्यात सीबीडी जवळपास नसतंच, लोक नुसतं बाटलीवरचं पानाचं चित्र बघून घेतात.

आणि टीएचसी (भांगेतला नशा आणणारा घटक) किती आहे हे लिहिलेलं नसेल तर ती बाटली कुठूनच घेऊ नका. आपल्या इंदूरात रंगपंचमीला काय होतं माहितीये ना, एकदा आमच्याच गल्लीतलं पिल्लू कुणाचीतरी भांगेची ठंडाई प्यायलं, मान डुलतेय, पाय टिकत नाहीत, लघवी नुसती ठिबकतेय, रात्रभर सलाईनवर होतं बिचारं.

डॉक्टर गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडेच बसतात, लिव्हरचा रिपोर्ट घेऊन या, फी घेणार नाही, ते लिहून देतील तर तेल मी स्वतः मागवून देईन. तोवर फिट्सची गोळी एक दिवसही चुकवू नका आणि माणसांचं आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक तर चुकूनही देऊ नका. आणि हो, घरात तो जिथे बसतो तिथे एखादी सतरंजी किंवा पोतं टाका, दुकानातल्या फरशीवर उठताना त्याचे मागचे पाय तीनदा सटकले, मला ते बघवलं नाही.