सोडतीत नाव लागलं

जुन्या शाळांचं बरं असतं. दादरची बालमोहन १९४० सालची. अशा शाळेत नातवाला सोडायला आलेले आजोबा फाटकातच दुसऱ्या आजोबांना "काय रे बाळ्या" म्हणून हाक मारतात. एकाच मास्तरांची छडी दोघांनी खाल्लेली असते, तेवढं नातं पुरतं. आमच्या कन्येची शाळा नाहूर स्टेशनजवळ आहे आणि इतकी नवी आहे की लिफ्टच्या भिंतींवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. सगळ्यात वरचा वर्ग चौथीचा. माजी विद्यार्थी म्हणायचाच तर एक आहे: नर्सरीत आठवडाभर रडून कायमचा घरी गेलेला.

अशा ठिकाणी आपुलकी रुजायला वेळ लागणारच. पण व्यवस्थापनाला तेवढा धीर नव्हता. जूनमध्येच सूचना आली, 'आपण सारे एक कुटुंब आहोत.' त्याखाली दुसऱ्या हप्त्याची तारीख.

मग पालक-शिक्षक संघ. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्याप्रमाणे त्याच्या कार्यकारी समितीवरचे पालक इच्छुकांमधून चिठ्ठ्या काढून निवडतात. मी इच्छुक नव्हतो. माझ्या नावापुढच्या चौकोनात 'इच्छुक' अशी खूण बायकोने केली होती. म्हाडाच्या सोडतीत मी इतकी वर्षं अर्ज भरतोय, कधी प्रतीक्षा यादीतही आलो नाही. इथे पहिलीच चिठ्ठी माझी. टाळ्या पडल्या. ज्यांची नावं निघाली नव्हती ते जास्त जोरात वाजवत होते.

ही समिती खरं म्हणजे कशासाठी असते, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी पहिल्याच बैठकीत विषय मांडला, तो 'कौटुंबिक क्रीडा महोत्सवा'चा. "पालकांमध्ये संघभावना दिसत नाही," त्या म्हणाल्या. "एकेकटे येता, मुलाला घेता आणि जाता." आता भांडुपच्या रस्त्यावर दुहेरी पार्किंगमध्ये उभं राहून माणसाने आणखी काय करायचं असतं?

तारखेवरूनच सुरुवात झाली. रविवार हवा, तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. धीम्या मार्गावर ब्लॉक असला की गाड्या जलद मार्गावरून सोडतात आणि नाहूरला त्या मार्गावर फलाटच नाही. म्हणजे विक्रोळी-घाटकोपरकडच्या कुटुंबांनी आपली नवी शाळा खिडकीतून बघत मुलुंडला उतरायचं. शेवटी ज्या रविवारी ब्लॉक हार्बरवर होता तो धरला. हार्बरवाल्या एकाच बाबांनी निषेध नोंदवला.

खाण्यावर सर्वात जास्त वेळ गेला. वडापाव 'हेल्दी' नाही म्हणून बाद. पोह्यांत कांदा, कांद्याला जैन कुटुंबांची हरकत. कांद्याशिवाय पोहे करायचे म्हटल्यावर डोंबिवलीहून लग्न होऊन आलेल्या एक ताई इतक्या दुखावल्या की विषय तिथेच थांबवावा लागला. साबुदाणा खिचडी सुचवली, तर "आमच्याकडे काय रोज एकादशी आहे का?" मुंबईत सगळे धर्म, जाती आणि आहारतज्ज्ञ जिथे येऊन थांबतात तिथेच आम्हीही थांबलो: इडली.

टी-शर्ट मात्र झटक्यात मिटले. चार रंगांचे चार संघ आणि माणशी साडेतीनशे रुपये, असा प्रस्ताव होता. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, पंचवीस टक्के राखीव जागांतून मुलगा आलेले एक रिक्षावाले दादा मागून म्हणाले, "मॅडम, आमच्या घरात पाच माणसं." कुणी काही बोललं नाही. मग जुळ्यांची आई म्हणाली, "मनगटाला रिबिन बांधू या. टी-शर्ट नाहीतरी नंतर फरशी पुसायलाच जातो." रिबिनीचा खर्च कुणी विचारलाही नाही.

महोत्सव दिवाळीनंतर झाला. मैदान म्हणजे पार्किंगच्या छतावर अंथरलेलं प्लास्टिकचं हिरवं गवत. दहा वाजताच ते तव्यासारखं तापलं. बाहेरून एक तरुण फॅसिलिटेटर बोलावला होता. त्याने आम्हा बाबांना गोलात उभं केलं, हात एकमेकांत अडकवायला लावले आणि म्हणाला, "आता न सोडता ही गाठ उकला. यातून परक्या माणसाबद्दल विश्वास निर्माण होतो."

ज्या माणसाने सकाळी ठाण्याहून जलद लोकल पकडली आहे, त्याला हे शिकवायचं? आम्ही रोज परक्या माणसाच्या काखेत नाक ठेवून दादर गाठतो. त्याला कुणी संघभावना म्हणत नाही आणि त्यासाठी माणूस बाहेरून बोलवावा लागत नाही. पण इथे नोकरी, पगार, अब्रू असलं सगळं आड येत होतं. एकाचा पाय माझ्या खांद्यावर कसा आला ते मला आजही सांगता येणार नाही. बराच वेळ कुणी हलेना. तेवढ्यात आतून कोणीतरी वैतागून ओरडलं, "अरे, आधी उतरू द्या!" त्या एका हाकेसरशी सगळे बरोबर डावी-उजवीकडे झाले आणि गाठ सुटली. फॅसिलिटेटरने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

शेवटी रस्सीखेच. पीटीच्या सरांनी माईकवर सांगितलं की रस्सीखेच १९०० ते १९२० पर्यंत ऑलिम्पिकमध्ये होती. आम्ही बाबालोक छाती काढून उभे राहिलो. आयांच्या दोराच्या शेवटी पोलीस खात्यातल्या एक ताई होत्या. त्यांनी दोर काखेतून घेऊन पाठीवर टाकला, टाचा रोवल्या आणि बाकीच्यांना एवढंच सांगितलं, "मी 'हं' म्हटल्याशिवाय कोणी ओढायचं नाही. 'हं' म्हटलं की एकदम." आम्ही आठजण आठ वेगवेगळ्या वेळी ओढत होतो, कारण प्रत्येकजण आपापल्या ऑफिसात साहेब होता. तीन 'हं'मध्ये आम्ही इडलीच्या टेबलापाशी पोचलो. चटणी गेली.

मुख्याध्यापिकाबाई भारावल्या होत्या. "हीच ती संघभावना! अशीच टिकवून ठेवा."

डिसेंबरमध्ये समितीची पुढची बैठक लागली. तेव्हा कळलं की इडली हे आमचं मूळ काम नव्हेच. त्याच कायद्याप्रमाणे शाळेने नव्या फीचा प्रस्ताव वर्ष सुरू व्हायच्या किमान सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचा असतो आणि मंजुरी आमची लागते. प्रस्ताव जाडजूड होता आणि त्यात 'समुदाय उभारणी' नावाची एक रक्कम होती. व्यवस्थापनाचे गृहस्थ म्हणाले, "आपण एक कुटुंबच आहोत, पटकन सह्या करून टाकू."

मी पेन काढलं होतं. समोरून पोलीस ताईंनी माझ्याकडे फक्त बघितलं. मी पेन ठेवलं. जुळ्यांच्या आईनेही ठेवलं. रिक्षावाले दादा समितीवर नव्हते, पण त्यांनी आदल्या रात्री हिशोब लिहून दिला होता: फॅसिलिटेटर, गवत, रिबिनी, इडल्या आणि शेवटी सांडलेली चटणीसुद्धा. ताईंनी तो कागद टेबलावर सरळ केला आणि म्हणाल्या, "हं."

आम्ही एकदम बोललो.

प्रस्ताव फेरविचारासाठी परत गेला. गेल्या आठवड्यात पुढच्या वर्षीच्या महोत्सवाचं परिपत्रक आलं. त्यात रस्सीखेच नाही. सगळे प्रकार वैयक्तिक आहेत, लिंबू-चमचा धरून.