२०५चे टायर फक्त दिखाव्यासाठी?

नमस्कार. माझ्या २००६च्या स्विफ्टला १६ इंची अलॉय रीम आणि २०५/५०चे टायर (रुंदी २०५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५० टक्के) बसवले, त्यावर तुम्ही कळकळीनं लिहिलंत: हा नुसता दिखावा आहे, कंपनीनं विचार करूनच साइज ठरवलेला असतो आणि आपल्या खड्ड्यांत असली रीम टिकत नाही.

खड्ड्यांबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. १६च्या आधी मी १७ इंची घातल्या होत्या, २०५/४५. गाडी देखणी दिसायची. जुलैत रात्री साताऱ्याहून येताना पाण्यानं भरलेला खड्डा दिसला नाही आणि पुढचं डावं चाक आदळलं. ऐरणीवर घण पडावा तसा आवाज आला. मोबाइलच्या उजेडात वाकून पाहिलं, तर रीमचा आतला काठ वाकलेला आणि टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा. आतले धागे तुटले की असा फुगा येतो आणि मग टायर टाकूनच द्यावा लागतो.

घरी येऊन हिशेब केला. कंपनीच्या १६५/८०ला रीमपासून रस्त्यापर्यंत १३२ मिमी रबर असतं, १७ इंचीला ९२. म्हणजे चार सेंटीमीटरची गादी मी माझ्या हातानं काढून टाकली होती. आता १६ला १०२ मिमी आहे. दहाच मिमी वाढले, पण रोजच्या रस्त्यावर ते जाणवतात. हवा मात्र दर आठवड्याला तपासतो, कारण ती कमी असली की हे दहा मिमीही कामाला येत नाहीत.

कंपनीच्या मुद्द्यावर मात्र मी सहमत नाही. कंपनीला किंमत, मायलेज आणि आरामही सांभाळायचा असतो. याच स्विफ्टच्या झेडएक्सआय या महागड्या मॉडेलला कंपनीनंच १८५/७० दिले होते. चाकाचा एकूण व्यास पाहा: १६५/८० आर१४चा (आर१४ म्हणजे १४ इंची रीम) ६२० मिमी, झेडएक्सआयचा ६१५, माझा ६११. स्पीडोमीटरमध्ये जेमतेम सव्वा-दीड टक्क्याचा फरक पडतो.

आणि हे मी हौसेपोटी केलं असलं, तरी फायदा खरा आहे. टायरची भिंत बुटकी असली की वळणावर ती कमी लोळते, स्टीअरिंग वळवताक्षणी गाडी वळते. खंबाटकीच्या उतारावर हा फरक पहिल्याच दिवशी कळला. चढाला मात्र जड चाकं जाणवतात, तिसऱ्या गिअरचा दुसरा करावा लागतो. पावसात रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, म्हणून साचलेलं पाणी दिसलं की मी वेग आधीच कमी करतो.

तुमच्या भाच्याला त्याच्या स्विफ्टसाठी माझ्यासारखाच सेट घ्यायचाय म्हणालात. रोज ऑफिसला गाडी नेत असेल तर १९५/६० आर१५ घ्यायला सांगा. भिंत ११७ मिमी राहते आणि व्यास ६१५च येतो. रीमचा ऑफसेट, म्हणजे रीमच्या मध्यरेषेपासून ती गाडीला जिथे टेकते तिथपर्यंतचं मिमीमधलं अंतर, विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. त्याच रुंदीच्या रीमला ४५ऐवजी ३८ ऑफसेट असला, तर चाक सात मिमी बाहेर येतं आणि मागे दोन माणसं बसली की मडगार्डला घासू शकतं. रीमचं मधलं भोक ५४.१ मिमीपेक्षा मोठं असेल तर हब रिंग (भोकातली मोकळी जागा भरणारी कडी) बसवून घ्या, नाहीतर ऐंशीच्या पुढे स्टीअरिंग थरथरू शकतं. आणि पैसे भरण्याआधी एक रीम टायरसकट पुढे लावून स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा. माझ्या गाडीत टायर आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या मध्ये करंगळी कशीबशी जाते.