सेम टू सेम, पण मॉडर्न

तुमचा कारखाना आहे. भोसरीत, वाळूजला, सातपूरला, गोकुळ शिरगावला, कुठेही असू द्या. कोपऱ्यात एक कॉम्प्युटर आहे. त्याला दर खंडेनवमीला हळदकुंकू लागतं आणि त्यावर कुणीतरी कधीतरी व्हीबी सिक्स या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहून दिलेलं, माल तापवायची भट्टी सांभाळणारं सॉफ्टवेअर चालतं. आता मोठ्या कस्टमरच्या ऑडिटरने त्याच्याकडे बोट दाखवून 'विंडोज एक्सपी चालणार नाही' असा शेरा मारलाय. एक्सपीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ लाच बंद केला होता, पण तुम्हाला ते कळायला ऑडिट यावं लागलं. हरकत नाही. नवं सॉफ्टवेअर कसं करून घ्यावं आणि करून देणाऱ्याला कसं पिळावं, याचा अगदी ताजा अनुभव माझ्या गाठीशी आहे. पिळला गेलेला मीच.

सुरुवात सोर्स कोडपासून (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर) करा. म्हणजे तो हरवण्यापासून. ज्याने लिहिला तो मुलगा दुबईला गेलेला असावा, त्याने दिलेली सीडी साहेबांच्या ड्रॉवरमध्ये असावी आणि ड्रॉवर ऑफिसच्या रिनोव्हेशनमध्ये भंगारात गेलेला असावा. मागे राहावी फक्त एक्झी फाइल (चालते, पण आत काय लिहिलंय ते वाचता येत नाही) आणि पॅरलल पोर्टला, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या खाचेला, सेलोटेपने चिकटवलेला डोंगल (तो काढला की सॉफ्टवेअर चालत नाही). नव्या कॉम्प्युटरला पॅरलल पोर्ट नसतो असं कुणी सांगितलं, तर "मग तुम्हाला कशाला बोलावलंय?" म्हणा. काम निम्म्यावर आलं की सोर्स कोड सापडला म्हणून एक पेन ड्राइव्ह हातात ठेवा. त्यात तीन फोल्डर हवेत: 'फायनल', 'फायनल न्यू' आणि 'फायनल न्यू २ चालू'. मशीनवर चालतं ते या तिन्हींपैकी एकही नसावं.

काम सांगायला एक वाक्य पुरे: "सेम टू सेम पाहिजे, पण मॉडर्न."

कोटेशन आलं की "नुसतं कॉपीच तर करायचंय" म्हणून निम्मं करा. कॉपी करण्यात काय एवढं? युरोपच्या आरियान ५ रॉकेटमध्येही आरियान ४ चा चांगला चालता कोड तसाच उचलून ठेवला होता. नवं रॉकेट जास्त जोरात आडवं सरकलं, तो आकडा १६ बिटांच्या खणात बसेना (त्या खणात ३२,७६७ च्या वर काही मावत नाही) आणि ४ जून १९९६ ला पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत सगळा खेळ आटोपला. गंमत म्हणजे कोडच्या त्या भागाचं उड्डाणानंतर काही कामच नव्हतं. पण ते रॉकेट, तुमची भट्टी. तुमचं कॉपी-पेस्टने भागेल.

ऑपरेटरला काहीही विचारू नका.

स्क्रीन कशी दिसावी हे मीटिंगमध्ये ठरवा. मीटिंगला साहेब, साहेबांचे पुतणे, परचेस, क्वालिटी आणि एचआर असावेत. पुतणे नुकतंच एक मशीनचं प्रदर्शन बघून आलेले असावेत. त्यांना काळं बॅकग्राउंड हवं असतं, त्यावर निळी झळाळी आणि कोपऱ्यात सतत फिरणारा एक गिअर. आमची भट्टी म्हणजे एक पेटी, एक दार, एक पंखा आणि हीटर. गिअर त्या स्क्रीनवर कुठून आला ते मी विचारलं. "व्हिजिटला लोक येतात तेव्हा इम्प्रेशन पडतं." बसवला गिअर.

जुना कीबोर्ड फेकून द्या. त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर होतं, कव्हरवर तेलाचा थर होता आणि एफ-५ या बटणावरचं अक्षर कधीच पुसलं गेलं होतं. पण भट्टीवरचे मामा तिथे बावीस वर्षं आहेत, हातमोजा घातलेल्या बोटाने न बघता ते बटण दाबायचे. त्याऐवजी टॅब्लेट घ्या. चांगला, मोबाइलसारखा. तो उघड्या बोटालाच ओळखतो, जाड मोज्याला नाही. मोज्यावर चालणारा टचस्क्रीन बाजारात मिळतो, पण तो "जरा जुन्यासारखा दिसतो". तेव्हा मामांनी ९२० अंशांच्या भट्टीसमोर मोजा काढायचा, बोट लावायचं, पुन्हा मोजा घालायचा. एका शिफ्टला असं किती वेळा होतं ते मी एक दिवस उभं राहून मोजलं. एकेचाळीस. आकडा मीटिंगमध्ये सांगितला. एचआरने लिहून घेतला.

अलार्म सगळे लाल करा आणि सगळ्यांना एकच भोंगा लावा. प्रिंटरमधला कागद संपला तरी तोच, पंखा बंद पडला तरी तोच. वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत २४ जुलै १९९४ ला स्फोट झाला, त्याआधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म येऊन पडले होते. तुम्ही एवढं मनावर घेऊ नका. मामा भोंग्यात चिंधी कोंबतात.

मराठी मेसेज जुन्या फाँटमध्येच असू द्यात. नव्या विंडोजवर 'भट्टीचे दार उघडे आहे'च्या जागी कंसांची आणि डॉलरच्या चिन्हांची रांगोळी उमटते. ते सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळ्या कॉम्प्युटरना कळणाऱ्या अक्षरांमध्ये, आणायचं तर आधी टाइप केलेल्या पहिल्या वेलांट्या उचलून अक्षरांच्या मागे नेऊन ठेवायच्या. दोन रात्री गेल्या. बिलात लावल्या नाहीत.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला: जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जे कळणार नाही ते काढून टाकायला लावा. आमच्या जुन्या कोडमध्ये एक रिकामा लूप होता. एकपासून पन्नास लाखांपर्यंत नुसतं मोजायचं, बाकी काही नाही. कॉमेंट नाही, कारण नाही. पुतण्यांनी तो कुठूनतरी हुडकून काढला आणि भर मीटिंगमध्ये हसले. "बघा, म्हणून स्लो होतं!" मी सांगितलं, की दोन तारांवरून सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने कंट्रोलरशी, म्हणजे भट्टीचं तापमान सांभाळणाऱ्या डब्याशी, बोलणं चालतं, हा कंट्रोलर म्हातारा आहे, एका प्रश्नाचं उत्तर देऊन झालं की त्याला पुढच्या प्रश्नाआधी श्वास घ्यायला वेळ लागतो, आणि ज्याने लिहिलं त्या पोराने त्या काळच्या कॉम्प्युटरवर तो वेळ असा मोजून-मोजून काढला होता. पद्धत गावठी, पण हेतू बरोबर. मी त्याजागी सरळ दीडशे मिलिसेकंद थांबायची सोय केली होती. "काढा ती." मेल आला. काढली. ती माझी चूक, मी अडून बसायला हवं होतं. दुसरी गोष्ट, कंट्रोलरचं उत्तर आलं नाही तर जुन्या स्क्रीनवर आकड्याच्या जागी चार आडव्या रेघा यायच्या. त्या रेघा वाईट दिसतात म्हणे. तिथे शेवटचा आलेला आकडा ठेवायला सांगितला. तोही मेल माझ्याकडे आहे. तिसऱ्या शिफ्टला कंट्रोलर मुका झाला आणि टॅब्लेटवर ९१८ हा आकडा ऐटीत उभा राहिला. निळ्या झळाळीत, शेजारी गिअर फिरतोय. वीस मिनिटांनी कंट्रोलरला तापमान ८४० वर उतरवायचा निरोप जायचा होता, मग माल कडक व्हायला तेलात. तो निरोप पोचलाच नसता. मोठा कस्टमर, अख्खा लॉट. मामांनी चहा खाली ठेवला, पॅनेलपाशी गेले, कंट्रोलरवरचा खरा आकडा बघितला, सेटपॉइंट (भट्टीने गाठायचा आकडा) हाताने बदलला आणि मला रात्री अडीचला फोन केला. मी विचारलं, तुम्हाला कळलं कसं? म्हणाले, "सायेब, भट्टीचा आकडा जित्या माणसावानी असतो. एखादा अंश हिकडं-तिकडं व्हतोच. दहा मिन्टं हलला न्हाई, म्हंजी येक तर भट्टी मेली न्हाईतर तुमची पाटी मेली."

बावीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही सहा मीटिंगा घेतल्यात. सहाही वेळा मामा काचेच्या पलीकडे होते, पन्नास फुटांवर.

सकाळी जाऊन मी दीडशे मिलिसेकंद परत घातले, रेघा परत आणल्या. फुकट. मग पुतण्यांनी बिल थांबवलं. कारण ऐका, हेच ऐकवण्यासाठी हा सगळा लेख लिहायला घेतला: "सगळं जुन्यासारखंच तर चालतंय. मग एवढे पैसे कशाचे?"

सेम टू सेम मागितलं होतंत ना? मग सेम टू सेम चालतंय म्हणून बिल अडवता? जुन्या एक्झीच्या पोटात शिरून कोणत्या सेकंदाला काय होतं ते आठ महिने बघत बसलो, वहीत लिहीत बसलो, ते तुमच्या उत्पादनात एका तासाचाही खंड पडू नये म्हणून. खंड पडला नाही, म्हणून काम झालंच नाही? गवंड्याने घराचा पाया बदलून दिला आणि भिंतीला तडा गेला नाही, तर त्याला उपाशी पाठवता का तुम्ही?

बिलावरचा १८ टक्के जीएसटी मी खिशातून भरलाय. छोट्या पुरवठादाराला ४५ दिवसांत पैसे द्या असा कायदा २००६ पासून आहे. २०२४ पासून तर मुदत टाळलीत, की प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च आयकरात धरलाही जात नाही. तुमच्या सीएला ते पाठ आहे, त्यानेच मला हसत सांगितलं. आज एकशे बारावा दिवस आहे. रिसेप्शनला नवा सोफा आलाय, मी तीनदा बसलोय त्याच्यावर, म्हणून माहीत. चहा विचारता, पैसे विचारले की "सोमवारी बघू". आणि त्या टॅब्लेटचे फोटो मात्र कंपनीच्या कॅलेंडरवर छापता! लाज नाही वाटत?

ज्या माणसाने तुमचा लॉट वाचवला त्याच्यासाठी एक साधा कीबोर्ड मागितला होता मी, पाच-सातशे रुपयांचा. परचेसने तीन कोटेशनं मागवली. शेवटी माझ्या घरचा नेऊन लावला. मामांनी त्याच्या एफ-५ वर मार्करने ठिपका केलाय.

आणि तो फिरणारा गिअर मी त्याच दिवशी काढून टाकला. अजून तुमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलेलं नाही.